खाऱ्या पाण्याच्या पेटीला सोडा आणि चुना

पनवेलहून पेणच्या वाटेला लागलं, की कर्नाळ्याचा सुळका लांबूनच नजरेत भरतो. अंगठा उभा करावा तसा तो काळा कातळ, सव्वाशे फुटांच्या आसपास उंच, आणि त्याच्या कपारींत मधमाश्यांची पोळी. पायथ्याच्या रानाला १९६८ साली पक्षी अभयारण्य केलं, तेव्हापासून शाळांच्या सहली तिथे येतात. मुलं पक्षी पाहतात, किल्ला चढतात आणि घरी जातात. परंतु या कातळाचा आणि समुद्रातल्या शिंपल्यांचा एक जुना व्यवहार आहे. तो समजला, तर शाळेत किंवा घरी ठेवलेली समुद्राच्या पाण्याची पेटी कशी सांभाळावी हेही आपोआप समजेल. आज बोलायचं आहे ते त्या पेटीविषयी.

प्रथम व्यवहार काय तो पाहू. पावसाचा थेंब हवेतून खाली येताना हवेतला थोडासा कर्बवायू, म्हणजे हल्लीच्या पुस्तकांतला कार्बन डायऑक्साइड, आपल्यात मुरवून घेतो. त्यामुळे पावसाचं पाणी किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी कातळावरून झिरपतं आणि त्याला फार सावकाश खातं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, ज्याला बेसाल्ट म्हणतात, ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो. झिजताना दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पाण्यात उतरतं आणि कर्बवायूचं रूपांतर बायकार्बोनेट नावाच्या विरघळलेल्या द्रव्यात होतं. ओहोळ ते नदीला देतात, नदी खाडीला देते, खाडी समुद्राला. लक्षावधी वर्षं हा पुरवठा चालू आहे. समुद्रातले शिंपले, शंख, प्रवाळ यांची घरं याच मालातून बांधली जातात.

आता पेटीकडे येऊ. समजा एखाद्या गुरुजींनी हौसेने काचेची पेटी आणली. खाडीचं पाणी भरलं, तळाला वाळू घातली, हवेचा छोटा पंप लावला. त्यात चार तिसऱ्या, दोन कालवं, शंखात राहणारा एक खेकडा आणि बोईटाची दोन-तीन पिल्लं सोडली. पहिले पंधरा दिवस वर्गात दुसरा विषय निघत नाही. मग हळूहळू कालवं तोंड उघडेनाशी होतात, खेकडा कात टाकताना मरतो, मासे सुस्तावतात. पाणी मात्र पहिल्या दिवसासारखंच नितळ. चव घेतली तरी खारटच. मुलं विचारतात, ‘गुरुजी, पाणी तर तेच आहे, मग मेलं कसं?’ उत्तर असं, की पाणी तेच राहिलेलं नाही. त्यातली न दिसणारी शिल्लक संपत आली आहे.

या शिल्लकेला शास्त्रात विम्लता म्हणतात. हा शब्द ऐकून खारटपणा मनात येईल, तर तो आधी बाजूला ठेवावा. आपल्या खारपट्टीत ‘खार’ आणि ‘क्षार’ हे शब्द इतके जवळचे, की गफलत सहज होते. खारटपणा म्हणजे पाण्यात एकूण मीठ किती. विम्लता म्हणजे पाण्यात आंबटपणा पडला तर तो पचवण्याची त्या पाण्याची ताकद किती. तिसरी गोष्ट सामू. पाणी या घटकेला आंबट आहे की त्याच्या उलट, हे सामू सांगतो. सामू सातच्या खाली गेला की पाणी आंबट. हे मोजमाप कोपनहेगनच्या सोरेनसेन या शास्त्रज्ञाने १९०९ साली घालून दिलं.

सामू आणि विम्लता यांतला फरक घरच्या भाषेत सांगतो. आज चुलीवर भात शिजला, म्हणजे घर सुखात आहे असं शेजाऱ्याला वाटतं. कणगीत किती दाणे उरले, ते घरधन्यालाच ठाऊक. सामू म्हणजे आजचा भात. विम्लता म्हणजे कणगी. कणगी रिती होत असतानाही भात शिजतच असतो, आणि एके दिवशी एकाएकी चूल थंड पडते. पेटीचं तसंच होतं.

समुद्राच्या चांगल्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो. त्याची विम्लता, पेटी ठेवणारे लोक ज्या अंशांत मोजतात त्या अंशांत, सातच्या आसपास असते. बाजारात मिळणाऱ्या तपासणीच्या डबीवरही बहुधा हेच अंश असतात. पाण्याच्या प्रयोगशाळेत दर लिटरला मिलिग्रॅम सांगतात. तेव्हा एक अंश म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम धरावा. म्हणजे सात अंश हे साधारण १२५ झाले. पेटीत सात ते दहा अंश राखले की पुरे.

ही शिल्लक खातं कोण? दोघं. पहिले म्हणजे शंख-शिंपल्यांचे धनी. ते पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन कवच रचतात. दुसरे डोळ्यांना दिसत नाहीत. मासे विष्ठा करतात, उरलेलं खाणं कुजतं, त्यातून अमोनिया होतो. वाळूतले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्रेट करतात. हे मोठं उपकाराचं काम, कारण अमोनिया हे विष आहे. पण ते करताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पचवायला विम्लता खर्ची पडते. समुद्रात नद्या भर घालत असतात. पेटीला नदी कुठली? तिची नदी आपल्यालाच व्हावं लागतं.

सर्वांत सोपी भर म्हणजे ताजं पाणी. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून तेवढंच नवं घालावं. ते पाणी पावसाळ्यात आणू नये. आषाढ-श्रावणात पाताळगंगेला पूर असतो, तेव्हा खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं. हिवाळ्या-उन्हाळ्यात, भरतीच्या वेळी, गटाराचं वा कारखान्याचं पाणी जिथे मिळतं त्यापासून दूर जाऊन भरावं. स्वच्छ कापडातून गाळून अंधारात ठेवलं, तर ते पुष्कळ दिवस टिकतं.

कुणी म्हणेल, खाडी कशाला, पिंपभर पाण्यात मीठ कालवलं की झालं. तसं होत नाही. ज्यांनी मिठागर पाहिलं आहे त्यांना कारण लगेच पटेल. वाफ्यात समुद्राचं पाणी आटू लागलं, की सर्वांत आधी चुनखडीचा अंश खाली बसतो, मग जिप्सम बसतं, आणि त्यानंतर मीठ धरतं. मॅग्नेशियम बरंचसं उरलेल्या कडू पाण्यात राहतं. म्हणजे आपल्या हाती मीठ येईपर्यंत विम्लता वाटेतच गळून गेलेली असते. खाण्याचं मीठ पाणी खारट करील, पण त्यातून कणगी भरायची नाही.

पाणी बदलूनही विम्लता खाली राहत असेल, तरच घरच्या औषधाकडे वळावं. आणि औषध देण्याआधी नाडी पाहावी. मोजल्याशिवाय सोडा घालू नये, हा या सगळ्या विषयाचा पहिला नियम.

मोजायला तयार डबी मिळते. परंतु हायस्कूलच्या प्रयोगशाळेत हे काम मुलांदेखत करता येतं, आणि विज्ञानाच्या तासाला याहून चांगला प्रयोग सापडणं कठीण. हायड्रोक्लोरिक आम्लाचं ०.०२ नॉर्मल विद्रावण घ्यावं. पेटीतलं १०० मिलिलिटर पाणी चंबूत घेऊन त्यात मिथिल ऑरेंजचे दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी पिवळं दिसेल. ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब सोडत चंबू हलवत राहावं. पिवळ्याचा नारिंगी रंग झाला की थांबावं. जेवढे मिलिलिटर आम्ल लागलं, त्याला ०.५६ ने गुणावं. येईल तो आकडा अंशांचा. समुद्राच्या चांगल्या पाण्याला साधारण साडेबारा मिलिलिटर लागतात, म्हणजे सात अंश.

आपलं आम्ल बरोबर आहे की नाही, याची शंका येणं रास्त आहे. ती खायच्या सोड्यानेच फेडता येते. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.८४ ग्रॅम कोरडा खायचा सोडा विरघळवावा. त्यातले २५० मिलिलिटर घेऊन त्यात तेच शुद्ध पाणी घालावं आणि सगळं मिळून एक लिटर करावं. या पाण्याची विम्लता बरोबर सात अंश असते. त्याच्या १०० मिलिलिटरला साडेबारा मिलिलिटर आम्ल लागलं, तर आम्ल खरं. कमी-जास्त लागलं, तर त्या प्रमाणात हिशेब बदलावा.

आता औषध. पहिलं म्हणजे खायचा सोडा, शास्त्रीय नाव सोडियम बायकार्बोनेट. ध्यानात ठेवायचा आकडा एकच: १०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम सोडा एक अंश चढवतो. दर वेळी चिमटीने तोलत बसण्यापेक्षा एकदाच विद्रावण करून ठेवावं. एक लिटर शुद्ध पाण्यात ६० ग्रॅम सोडा विरघळवावा आणि बाटलीवर चिठ्ठी लावावी. या बाटलीतले ५० मिलिलिटर म्हणजे ३ ग्रॅम सोडा. म्हणजेच १०० लिटरला एक अंश.

उदाहरण घेऊ. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि पाण्याची उंची ४५. गुणाकार करून हजाराने भागलं की १०८ लिटर येतात. वाळू-दगडांचे आठ वजा केले, राहिले १००. तपासणीत आम्ल लागलं १० मिलिलिटर, म्हणजे विम्लता ५.६ अंश. आपल्याला हवेत आठ. तूट २.४ अंशांची. एकूण १२० मिलिलिटर विद्रावण लागेल. ते एकाच दिवशी ओतू नये. रोज ४० याप्रमाणे तीन दिवस द्यावं. एका दिवसात एक अंशाहून जास्त चढवू नये, कारण ज्या जिवांना हळूहळू उतरत्या पाण्याची सवय झाली, त्यांना एकदम चढतं पाणीही सोसत नाही. पंपाचं पाणी जिथे खळाळतं तिथे धार बारीक सोडावी. चौथ्या दिवशी पुन्हा मोजावं.

सोडा कोणता, हेही सांगायला हवं. डब्यावर बेकिंग पावडर लिहिलेलं असेल तर ते घेऊ नये. त्यात सोड्याबरोबर आम्लाची पूड आणि पीठ मिसळलेलं असतं. पापडखारही नको, त्याचं मिश्रण दुकानागणिक वेगळं. साधा, काहीही न मिसळलेला खायचा सोडा हवा. त्याने सामू फारसा हलत नाही. सामूही थोडा उचलायचा असेल, तर तोच सोडा सपाट ताटलीत पसरून भट्टीत साधारण १८० अंश सेल्सिअसला तासभर भाजावा. त्यातून वाफ आणि कर्बवायू निघून जातो आणि धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, उरतं. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम होतात. ताकद तेवढीच राहते, म्हणून ६० ग्रॅमच्या जागी ३८ ग्रॅम घेतले की बाटलीचा हिशेब तोच. हे विद्रावण मात्र अधिक सावकाश द्यावं. बाजारच्या कपडे धुण्याच्या पुड्यांत साबण आणि सुगंध असतात, ते माशांना विष.

दुसरं औषध आपल्या आजीबाईच्या बटव्यातलं, चुन्याची निवळी. कोकणात शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. तेव्हा शिंपल्यांनी समुद्रातून घेतलेलं त्यांना परत करण्याचाच हा प्रकार म्हणा ना. एक लिटर शुद्ध पाण्यात लहान सपाट चमचाभर पांढरा विरी गेलेला चुना घालावा, झाकण लावून हलवावं, रात्रभर निवळू द्यावं. वरचं नितळ पाणी तेवढं वापरावं, खालचा गाळ हलवू नये. पाणी लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळवतं, म्हणून चुना जास्त पडला तरी निवळीची ताकद वाढत नाही. गंमत अशी, की गरम पाण्यात तो आणखी कमी विरघळतो. पानाच्या डबीतला रंगीत वा वासाचा चुना घेऊ नये.

निवळीचा मोठा गुण म्हणजे ती विम्लता आणि कॅल्शियम ही दोन्ही देते, आणि कवच बांधायला लागतात त्याच प्रमाणात देते. सोड्याने कॅल्शियम मिळत नाही. शिंपले २.८ अंश विम्लता खर्च करतात, तेव्हा लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम कॅल्शियमही उचलतात. म्हणून पेटीत नुसते मासे असतील तर सोडा पुरे. तिसऱ्या-कालवं असतील तर निवळी बरी. १०० लिटरच्या पेटीत एक लिटर निवळी सुमारे एक अंश चढवते. रोज जेवढं पाणी उडून जातं, तेवढीच निवळी त्याच्या जागी घालावी, म्हणजे खारटपणाही बिघडत नाही.

पण निवळी जहाल असते. तिचा सामू बारापेक्षा जास्त. म्हणून ती रात्री, सलाईनच्या नळीसारखी थेंबथेंब सोडावी. रात्री पेटीतला सामू उतरलेला असतो आणि पाण्यात कर्बवायू साठलेला असतो, तो ती शोषून घेते. चुन्याचं काम काचेच्या वा प्लॅस्टिकच्या भांड्यात करावं, ॲल्युमिनियमला चुना खातो. डोळ्यांत थेंब गेला तर इजा होते, तेव्हा हे काम मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. बाटली उघडी राहिली की हवेतला कर्बवायू लागून वर साय धरते. ती साय म्हणजे चुनखडी, तिचा उपयोग गेला. मुलांना निवळीत नळीने फुंकर मारायला सांगून पाणी दुधाळ होतं ते आपण दाखवतो ना, तोच हा प्रकार. फुंकताना निवळी तोंडात ओढू नये, एवढी ताकीद द्यावी.

सोडा आणि चुना एका बाटलीत कधी मिसळू नयेत, आणि पेटीत एकाच वेळी ओतूही नयेत. दोघांची गाठ पडली की पांढरा साका खाली बसतो आणि दोन्ही फुकट जातात. तसंच, थोडं चांगलं म्हणजे पुष्कळ अधिक चांगलं असं समजू नये. अंश बारा-तेराच्या वर नेले, तर पाण्यातलाच चुना सुटून काचेवर आणि पंपात कीट धरतं, आणि कॅल्शियम खाली जातं.

आणखी एक चूक पुष्कळ जण करतात. सामू उतरला की लागलीच सोडा. थांबावं. आधी विम्लता मोजावी. ती आठ-नऊ अंश असून सामू कमी असेल, तर दोष कणगीचा नाही, कोंडलेल्या हवेचा आहे. बंद खोलीत चाळीस मुलं श्वास सोडत असतात, तो कर्बवायू पेटीच्या पाण्यात मुरतो. तिथे औषध एकच: खिडकी उघडा.

पेटीचं हे शास्त्र पेटीपुरतंच राहत नाही. रायगड जिल्ह्यात खाडीकाठी खाजणांत कोळंबीची तळी आहेत. तळ्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात कर्बवायू खातं, म्हणून दुपारी सामू चढतो. रात्री सगळेच श्वास घेतात, म्हणून पहाटे उतरतो. विम्लता भरपूर असेल तर हा झोका लहान राहतो. ती लिटरमागे ८० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर झोका मोठा होतो, कोळंबीची साल मऊ राहते, आणि हंगामाचा पैसा पाण्यात जातो. म्हणून तळेवाल्याने पहाटे आणि दुपारी सामू, आणि आठवड्याला विम्लता मोजून वहीत लिहावी. तळ्याला चुना कोणता आणि किती, हे त्या आकड्यांवरून मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला विचारून ठरवावं. शेजाऱ्याने चार पोती टाकली म्हणून आपणही टाकू नयेत.

आणि खुद्द समुद्र? कोळसा आणि तेल जाळून माणसाने हवेत जो कर्बवायू सोडला, त्यातला मोठा वाटा समुद्राने आपल्यात घेतला. कारखान्यांचं युग सुरू झाल्यापासून पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा लहान दिसतो, पण त्याचा अर्थ आंबटपणाचे कण सुमारे ३० टक्के वाढले असा होतो. कातळ झिजून भर घालतो आहे, पण त्याची चाल हजारो वर्षांची, आणि आपली काही दशकांची. कोंडलेल्या वर्गाची खिडकी उघडता येते. पृथ्वीला खिडकी नाही. ही गोष्ट मुलांना भाषणाने सांगण्यापेक्षा पेटीसमोर उभं करून सांगितली, तर लवकर उमजते.

पेटी मांडणाऱ्यांना शेवटची सूचना. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना आपल्या वन्यजीव कायद्याने २००१ सालापासून संरक्षण दिलं आहे. ते किनाऱ्यावरून उचलू नयेत, विकतही घेऊ नयेत. खाडीतले साधे जीव थोडेच आणावेत, आणि सांभाळणं जमेनासं झालं तर जिथून आणले तिथेच, ते धडधाकट असताना, नेऊन सोडावेत. पेटीजवळ एक वही टांगावी. तारीख, सामू, अंश, काय घातलं, किती घातलं, एवढे पाच रकाने पुरेत. दर सोमवारी दोन मुलांनी मोजावं आणि लिहावं. दोन महिन्यांत वहीच सांगू लागेल, की आपली पेटी आठवड्याला किती खाते. मग सोड्याची बाटली केव्हा उचलायची, हे कुणाला विचारावं लागणार नाही.